बोटीसाठी झिजणारे जस्त

जून संपत आला होता. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदरावर बोटी वर ओढून, झापांनी आणि ताडपत्र्यांनी शाकारून ठेवलेल्या होत्या. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै हा मासेमारी बंदीचा काळ. नाखव्यांना हिशेबाची आणि फिटरांना दुरुस्तीची वेळ हीच. रात्री नऊच्या सुमारास बोटींची इंजिने दुरुस्त करणाऱ्या ४५ वर्षांच्या एका फिटरला घरच्यांनी सरकारी रुग्णालयात आणले. हुडहुडी भरलेली, अंगावर दोन चादरी, ताप १०२ वर. डोके ठणकत होते, कोरडा खोकला येत होता, तहान भागत नव्हती.

कोकणात पावसाळ्यात असा रुग्ण आला की मलेरिया आणि लेप्टो ही दोन नावे आधी डोक्यात येतात, आणि ती यायलाच हवीत. रक्त तपासणीला गेले. मलेरियाचे जंतू दिसले नाहीत, पांढऱ्या पेशी मात्र वाढलेल्या होत्या. छातीचा एक्स-रे स्वच्छ. रुग्ण एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता : तोंडाला गोडसर, नाणे चघळल्यासारखी चव येते आहे. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरने विचारले, "आज दिवसभर कुठं होता?"

"कुठं जाणार साहेब, शेडमध्येच. झिंक वितळवत होतो."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ताप उतरला आणि फिटर चहा-बिस्किटे मागू लागला. लेप्टोची तपासणीही निगेटिव्ह आली. निदान ठरले ते धातूच्या धुराच्या तापाचे. पितळ ओतणाऱ्या कारागिरांत हा आजार फार जुना. युरोपातल्या ओतारी कारखान्यांत त्याला सोमवारचा ताप म्हणत. रोज धूर घेणाऱ्या शरीराला त्याची थोडी सवय होते, रविवारच्या सुट्टीत ती मोडते आणि सोमवारी कामावर गेलेला माणूस संध्याकाळी थंडीने कुडकुडतो. जस्त फार तापले की त्याची वाफ होते, ती हवेत येताच जळून जस्ताच्या ऑक्साइडचा पांढरा धूर होतो. त्याचे कण इतके सूक्ष्म असतात की नाकाला बांधलेला ओला रुमाल त्यांना अडवत नाही. ते फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात, तिथल्या पेशी खवळतात आणि चार ते दहा तासांनी ताप भरतो. तोपर्यंत माणूस घरी येऊन जेवलेला असतो, त्यामुळे सकाळच्या धुराशी रात्रीच्या तापाचा संबंध जोडणे सोपे नसते. साधारण एक-दोन दिवसांत तो आपोआप जातो. वेल्डिंगवाले यावर दूध आणि गूळ घेतात. त्याने पोषण होते, धूर उतरतो याला पुरावा नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? फिटर शेडमध्ये काय ओतत होता?

समुद्रात चालणाऱ्या बोटीच्या तळाला, सुकाणूला, पंख्याच्या शाफ्टला आणि इंजिनाच्या आतही जस्ताचे तुकडे बसवलेले असतात. बाहेरचे साबणाच्या वडीसारखे किंवा शाफ्टभोवती बसणाऱ्या कड्यासारखे, आतले पेन्सिलसारखे. शास्त्रीय भाषेत त्यांना बलिदानी धनाग्र म्हणतात, बाजारात नुसते 'झिंक'. त्यांचे काम एकच : स्वतः झिजायचे आणि शेजारच्या महागड्या धातूला झिजू द्यायचे नाही. हे झिंक दर हंगामाला बदलावे लागते. डिझेल, बर्फ, जाळी आणि खलाशांची उचल यांत पिचलेल्या नाखव्याला हा खर्च फुकाचा वाटतो, कारण झिंक काही करताना दिसत नाही. फिटरने त्यावर उपाय काढला होता. भंगारातले जस्ताचे तुकडे, जुन्या छपराचे जी.आय. पत्रे आणि हंगामात अर्धवट झिजलेल्या वड्या लोखंडी कढईत घालायच्या, वरून गॅसची ज्योत मारायची आणि साच्यात नवी वडी ओतायची.

यात फुप्फुसाचे नुकसान झाले ते झालेच. पण अशी वडी बोटीच्याही कामाची नसते, आणि का नसते ते समजायला थोडे मागे जावे लागेल.

या शास्त्राची सुरुवात एका डॉक्टरकडून झाली. इटलीतल्या बोलोन्या शहरात शरीररचना शिकवणाऱ्या लुइजी गॅल्व्हानी यांना दिसले की मेलेल्या बेडकाच्या पायाला दोन वेगवेगळे धातू जोडून लावले की पाय झटका देतो. १७९१मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले आणि वीज प्राण्याच्या शरीरातच असते असे मानले. त्यांचे देशबंधू अलेस्सांद्रो व्होल्टा यांना ते पटले नाही. वीज बेडकात नाही, दोन धातूंच्या भेदात आहे, असे म्हणत त्यांनी १८००मध्ये धातूंच्या चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे रचून पहिली बॅटरी केली. वाद व्होल्टांनी जिंकला, नाव मात्र गॅल्व्हानींचे राहिले. छपराच्या गॅल्व्हनाइज्ड पत्र्यात त्या डॉक्टरचे नाव आहे, हे पत्रा विकणाऱ्याला सहसा ठाऊक नसते.

दोन निराळे धातू, त्यांना जोडणारी वाट आणि भोवती खारे पाणी : एवढे जमले की बॅटरी तयार. जो धातू इलेक्ट्रॉन सहज सोडतो तो विरघळत जातो आणि दुसरा शाबूत राहतो. दातात चांदी भरलेल्या माणसाने चॉकलेटचा चमकता कागद चुकून चावला की कळ थेट मेंदूत जाते, तीही हीच बॅटरी, लाळेच्या पाण्यावर चाललेली. हाडे जोडताना टायटॅनियमच्या पट्टीला स्टेनलेस स्टीलचे स्क्रू सहसा लावत नाहीत, त्यामागेही हीच काळजी. शिरेतून देतात त्या सलाइनमध्ये ०.९ टक्के मीठ असते, समुद्रात सुमारे ३.५ टक्के. बोटीचा पंखा पितळ किंवा काशाचा, शाफ्ट स्टेनलेस स्टीलचा, इंजिनाचा ठोकळा बिडाचा, थंड करणाऱ्या नळ्या तांब्याच्या मिश्रधातूच्या. हे सगळे त्या पाण्यात एकमेकांना जोडून बुडवले की कोणीतरी झिजणारच. मग झिजायला मुद्दाम एक स्वस्त गडी ठेवायचा. जस्त या सगळ्यांपेक्षा उदार, म्हणून पहिले तेच जाते.

ही युक्ती जहाजावर पहिल्यांदा वापरली हम्फ्री डेव्ही यांनी, १८२४मध्ये, ब्रिटिश नौदलासाठी. (याच डेव्हींनी १८००मध्ये, हसवणारा वायू शस्त्रक्रियेत वेदना कमी करायला उपयोगी पडेल असे लिहून ठेवले होते. डॉक्टरांनी तिकडे लक्ष द्यायला चाळीसहून अधिक वर्षे घेतली.) लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकत आणि ते समुद्रात विरघळत. डेव्हींनी तांब्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडले. तांबे विरघळायचे थांबले. पण विरघळणारे तांबे सागरी जिवांना विष होते, ते थांबल्यावर जहाजांच्या तळाला शेवाळ आणि शिंपल्यांचे जाड थर चढले, जहाजे मंदावली आणि काही वर्षांतच नौदलाने ते तुकडे काढून टाकले. शास्त्र बरोबर होते, तरी डेव्हींची थट्टा झाली. औषध लागू पडावे आणि रुग्णाने दुसऱ्याच तक्रारीने डॉक्टरला शिव्या घालाव्यात, तसे.

आता शेडमधल्या कढईकडे परत येऊ. जस्त झिजायचे असेल तर ते शुद्ध हवे, विशेषतः लोखंडापासून. समुद्री झिंकसाठी एमआयएल-१८००१ हे अमेरिकी लष्करी मानक जगभर पाळले जाते. त्यात लोखंडाची मर्यादा आहे ०.००५ टक्के, म्हणजे एका किलोत जेमतेम ५० मिलिग्रॅम, मिठाच्या चिमटीहूनही कमी. लोखंड त्यापेक्षा जास्त झाले की वडीच्या पृष्ठभागावर घट्ट थर धरतो आणि ती विरघळायची थांबते. फिटरच्या कढईत जी.आय. पत्र्यावरचे लोखंड मिसळले, शिवाय तापलेले जस्त लोखंडी कढईचेही लोखंड खाते. वडी दिसायला झकास, वजनाला भारी, हंगाम संपला तरी जशीच्या तशी. नाखवा खूश की यंदाचे झिंक टिकले. ते टिकले म्हणजे दुसरे काहीतरी झिजले, हे पंखा हातात घेतल्यावर कळते.

जुन्या वड्या वितळवण्यात आणखी एक धोका आहे. या मानकातल्या जस्तात थोडे कॅडमियम मुद्दाम घालतात, ०.०२५ ते ०.०७ टक्के. प्रमाण अल्प, पण कॅडमियमचा उत्कलनबिंदू जस्तापेक्षा खाली, म्हणून ज्योत लागली की ते आधी उडते. कॅडमियमचा धूर पुरेसा गेला तर सुरुवात त्याच थंडीतापाने होते, पण एक-दोन दिवसांनी उतरण्याऐवजी दम वाढत जातो आणि फुप्फुसात पाणी भरते. यात माणसे दगावलेली आहेत. म्हणून धातूच्या धुरानंतरचा ताप २४ तासांत उतरला नाही, किंवा धाप आणि छातीत आवळल्यासारखे वाटू लागले, तर घरी थांबायचे नाही. आणि कोणत्याही तापात डॉक्टरला आपले काम सांगायचे. उलट चूकही करू नये : बंदरावरच्या प्रत्येक तापाला 'झिंक लागले' म्हणून रक्ताची तपासणी टाळली आणि तो लेप्टो निघाला, तर ती चूक फार महाग पडते. जस्ताचा पडतो तसा साच्यातल्या ओलाव्याचाही विसर पडतो. जस्त ४२० अंशांना वितळते. पावसाळ्यातल्या दमट साच्यात ते ओतले की पाण्याची क्षणात वाफ होते आणि वितळलेला धातू तोंडावर उडतो. भाजलेले डोळे परत मिळत नाहीत.

(हेच जस्त जुलाब झालेल्या लहान मुलांना ओआरएसबरोबर गोळीतून देतात, सहा महिन्यांवरील मुलांना रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस. ते जस्ताचे क्षार असतात आणि पोटातून जातात. वाट आणि मात्रा बदलली की औषधाचे विष होते, हे जस्तालाही लागू आहे.)

मग खर्च कमी कसा करायचा? ओतकाम करून नाही. आहे ते झिंक पूर्ण उपयोगी पाडून.

पहिली गोष्ट म्हणजे जोड. झिंक ज्या धातूला राखायचे त्याला विजेच्या दृष्टीने जोडलेले नसेल तर ते नुसतेच लटकते. बोट शाकारलेली असताना हे तपासणे सोपे आहे. काहीशे रुपयांच्या मल्टिमीटरची एक सुई झिंकला आणि दुसरी शाफ्टला किंवा इंजिनाच्या उघड्या धातूला लावायची. रोध १ ओहमपेक्षा कमी यायला हवा. इंजिन आणि शाफ्ट यांच्यामध्ये रबरी कपलिंग असेल तर वाट तिथेच तुटते. मग तांब्याच्या पट्टीने ती जोडावी किंवा शाफ्टवर स्वतंत्र कडे बसवावे. वडी बसवण्यापूर्वी खालची जागा रंग आणि गंज खरवडून चकचकीत करायची. हे दहा मिनिटांचे फुकटचे काम आहे, आणि निम्म्या बोटींत होत नसेल असे वाटते.

दुसरी गोष्ट रंगाची. हंगामापूर्वी तळाला रंग काढताना रंगारी उत्साहाच्या भरात झिंकवरही हात फिरवतो. रंगवलेले झिंक म्हणजे तोंडाला पट्टी बांधून जेवायला बसवलेला माणूस. रंगाआधी त्यावर कागद चिकटवावा. दोन महिने कोरडे राहिलेल्या झिंकवर पांढरी खपली धरते, ती जाड पॉलिश पेपरने घासून काढावी. लोखंडी तारेचा ब्रश नको, त्याचे कण जस्तात रुततात.

तिसरी, बदलायचे कधी. निम्मे झिजले की बदलावे, असा ठोकताळा आहे. पण वडी संपण्यापेक्षा कशी झिजली हे पाहणे अधिक शहाणपणाचे. चांगले काम करणारे झिंक खडबडीत, खड्ड्याखड्ड्यांचे दिसते. गुळगुळीत आणि नव्यासारखे दिसले तर आनंद मानू नये : जोड तुटलेली आहे, रंग बसला आहे किंवा धातू भेसळीचा आहे. उलट चार-सहा आठवड्यांत वडी नाहीशी झाली तर आणखी मोठी वडी लावणे हा उपाय नव्हे. बहुधा बॅटरीची वीज कुठूनतरी पाण्यात गळते आहे. बोटीच्या तळाशी साचलेल्या पाण्यात लोळणारी पंपाची सोललेली वायर हा नेहमीचा आरोपी. बंदरात उभे असताना बॅटरीचा मुख्य स्विच बंद ठेवणे हाच त्यावरचा सर्वांत स्वस्त इलाज.

पंख्याकडेही वैद्याच्या नजरेने पाहावे. पितळी पंख्याच्या पात्यावर गुलाबी, तांबूस डाग दिसले तर पितळातले जस्त निघून गेले आहे आणि मागे सच्छिद्र तांबे उरले आहे. जीभ किंवा नखे पाहून पंडुरोग ओळखावा तसे हे लक्षण. पाते लाकडी हातोडीने टिचकावले तर निरोगी पितळ वाजते, पोखरलेले बद्द आवाज करते. असे पाते पाण्यात मोडते ते बहुधा जोर लावण्याच्या वेळी, म्हणजे वारा सुटलेला असताना.

इंजिनाच्या आतली पेन्सिल मात्र विसरलीच जाते, कारण ती दिसत नाही. खाऱ्या पाण्याने थंड होणाऱ्या अनेक इंजिनांत थंड करणाऱ्या नळ्यांच्या पेटीला एक पितळी बूच असते आणि त्याला जस्ताची पेन्सिल लावलेली असते. ट्रकचे इंजिन फेरफार करून बसवले असेल तर अशी जागा आहे का, हेच आधी फिटरला विचारावे. सी-कॉक बंद करून बूच उघडायचे आणि पाहायचे. नवीन इंजिनात पहिल्यांदा महिन्याभराने पाहावे, त्यावरून पुढचा वेळ ठरतो. पेन्सिल संपली की नळ्यांना भोके पडतात, खारे पाणी गोड्या पाण्याच्या बाजूला शिरते आणि इंजिन तापते. नळ्यांचा जुडगा बदलण्याच्या खर्चात पेन्सिली वर्षानुवर्षे येतात. जुनी पेन्सिल मोडून आत पडलेली असेल तर तुकडे बाहेर काढावेत, नाहीतर तेच वाट अडवतात. बुचाच्या आट्यांना टेफ्लॉनची टेप गुंडाळू नये, वीज तिथेच अडते.

खाडीतल्या बोटींचा मामला वेगळा. पावसाळ्यात वाशिष्ठीसारख्या नदीच्या मुखाशी पाणी जवळजवळ गोडे होते आणि त्यात जस्तावर घट्ट थर बसून ते निष्क्रिय होते. निमखाऱ्या पाण्यात उभ्या राहणाऱ्या बोटींना ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची वडी अधिक उपयोगी, आणि हिशेबातही ती सरस. १ किलो जस्तातून सुमारे ७८० अँपिअर-तास मिळतात, १ किलो ॲल्युमिनियम मिश्रधातूतून त्याच्या तिप्पट. शिवाय तिच्यात कॅडमियम नसते. मात्र ती जस्त आणि किंचित इंडियम घातलेली खास धातू आहे. घरातले जुने पातेले वितळवून ती होत नाही, कारण साध्या ॲल्युमिनियमवर स्वतःच्या ऑक्साइडचे कवच असते. एकाच बोटीवर जस्त आणि ॲल्युमिनियम मिसळू नये, ॲल्युमिनियम जस्तालाही राखत बसते. मॅग्नेशियमच्या वड्या फक्त गोड्या पाण्यासाठी, समुद्रात त्या पाहता पाहता संपतात.

जास्त झिंक लावणे हाही शहाणपणा नाही, लाकडी बोटीला तर मुळीच नाही. राखलेल्या धातूभोवती अल्कधर्मी पाणी तयार होते आणि बोल्टांभोवतीचे लाकूड भुसभुशीत होते. बोल्टाशेजारी पांढरा, भुकटीसारखा फुलोरा दिसला तर झिंकची मात्रा कमी करावी.

मात्रा किती, हे ठरवायला फार विद्या लागत नाही. १ किलोची वडी ०.१ अँपिअर प्रवाह देत राहिली तर ७,८०० तास पुरते, म्हणजे ३२५ दिवस. ऑगस्ट ते मे असा हंगाम जवळपास तेवढाच.

त्या फिटरने पुढे ओतकाम सोडले. आता तो लोखंडाचे प्रमाण लिहून देणाऱ्या उत्पादकाकडून वड्या आणतो. पाच-सहा नाखवे मिळून एकदम मागवतात, त्यामुळे भाव जरा उतरतो. बसवण्यापूर्वी प्रत्येक वडी मासळीच्या काट्यावर तोलायची आणि बोटीच्या नावासमोर वहीत वजन लिहायचे, असे त्याने सुरू केले आहे. मे अखेर बोट वर आली की तीच वडी घासून पुन्हा काट्यावर चढते. पहिल्या वर्षी एका बोटीची २ किलोची वडी १ किलो १०० ग्रॅम भरली. त्याच नाखव्याच्या दुसऱ्या बोटीची वडी मात्र १ किलो ९५० ग्रॅम. नाखवा म्हणाला, "ही बघ, ही कशी टिकली!" फिटरने काही न बोलता मल्टिमीटर काढला आणि तो दुसऱ्या बोटीच्या शाफ्टखाली जाऊन बसला.